करवंद : पोटाला फळ, शेताला कुंपण



सह्याद्रीच्या उतारांवर एप्रिल-मे महिन्यांत पिकणारी काळीभोर करवंदे आपल्यापैकी पुष्कळांना लहानपणापासून ठाऊक आहेत. पानांच्या द्रोणांतून ‘डोंगरची काळी मैना’ विकली जाते. फळ आतून लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, हा खेळ मुले आजही खेळतात. विंध्य-सातपुड्याच्या रानातही करवंदाच्या जाळ्या आहेत. उज्जैनकडे पावसाळ्यात लोणच्यासाठी मिळणारा पांढरट-गुलाबी करौंदा हा तिचाच मोठ्या फळाचा भाऊबंद.

या काटेरी झुडपाचा विचार आज कुंपणासाठी करावयाचा आहे. मोकाट गुरे आणि नीलगाई, म्हणजे आपले रोजडे, हरभरा-गव्हाची नासाडी करतात, हे खरे. पण त्यावर उपाय म्हणून काही जण बांधावर तार ओढून तीत वीज सोडतात. हा गुन्हा आहे, आणि पापही आहे. रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी, शेळीमागे धावणारे पोर किंवा घरचाच माणूस त्या तारेला चिकटू शकतो. पीक पुढल्या हंगामात पुन्हा येते. माणूस येत नाही.

करवंदाचे जिवंत कुंपण कुणाचा जीव घेत नाही. ते असे करावे. पिकलेल्या फळाचे बी काढून, धुऊन लगेच पिशवीत पेरावे. जुने बी उगवत नाही. रोपे पुढच्या पावसाळ्यात लावावी. आपल्या काळ्या मातीत पाणी साचते आणि करवंदाला ते सोसत नाही, म्हणून सपाटीवर न लावता उंच बांधावर लावावे. दोन ओळी, रोपांत सुमारे एक मीटर अंतर, आणि दुसऱ्या ओळीचे रोप पहिल्या ओळीतील फटीसमोर. पहिली दोन वर्षे शेळ्यांपासून राखावे व उन्हाळ्यात पाणी द्यावे. शेंडे छाटल्यास बुडापासून फांद्या फुटून जाळी दाट होते. गुरे तिला अडतात. नीलगाय उंच उडी मारते, म्हणून तिच्यासाठी जाळी उंच व रुंद वाढू द्यावी आणि राखणही सोडू नये.

आता आरोग्याचे. करवंदात क जीवनसत्त्व आहे. धान्य व पालेभाज्यांतील लोह अंगी लागण्यास ते मदत करते. म्हणून भाकरी-भाजीबरोबर ताजी करवंदे किंवा त्यांची कच्ची चटणी खावी. शिजवल्याने हे जीवनसत्त्व कमी होते. मात्र ‘करवंदे खा, रक्त वाढेल’ एवढ्यावर विसंबू नये. गरोदर बाईला दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या तिने घ्यायलाच हव्यात. मधुमेह असलेल्यांनी करवंदाचा गोड मुरंबा टाळावा.

आणखी एक सावधगिरी. करवंदाला पांढरा चीक असतो, तसाच तो पिवळ्या कण्हेरीलाही असतो. दोन्ही एकाच कुळातील. पण पिवळ्या कण्हेरीचे फळ, ज्याला बिट्टी म्हणतात, अत्यंत विषारी असून त्याच्या बीने हृदय बंद पडू शकते. मुले त्या बियांनी खेळतात. मुलाने बी चावल्याचा नुसता संशय आला, तरी घरगुती उपायात वेळ न दवडता त्याला रुग्णालयात न्यावे आणि ते फळ डॉक्टरांना दाखवावे. ही दोन झाडे मुलांना शेजारी शेजारी दाखवून ओळख करून द्या.

प्रभू येशूच्या मस्तकावर काट्यांचा मुकुट ठेवला गेला. तो कोणत्या झाडाचा होता, हे शुभवर्तमानात सांगितलेले नाही. इंग्रजीत मात्र करवंदालाही ‘ख्रिस्ताचा काटा’ म्हणतात. त्या काट्यांची वेदना प्रभूने स्वतः सोसली, दुसऱ्यावर लोटली नाही. आपल्या बांधावरचा काटाही राखण करणारा असावा, जीव घेणारा नसावा. ज्यांच्या बांधावर वीज सोडलेली तार असेल, त्यांनी ती आजच उतरवावी. करवंदाची रोपे पावसाळ्यात लावता येतील; तार काढायला पावसाची वाट पाहू नये.