घामाचा हिशेब

ऑक्टोबर 2019 मध्ये गोव्यातील मिरामार किनाऱ्यावर ‘आयर्नमॅन 70.3’ ही स्पर्धा प्रथम भरली, आणि 1.9 किलोमीटर पोहणे, 90 किलोमीटर सायकल व 21.1 किलोमीटर धावणे हे तिचे टप्पे कोकणपट्टीतील हौशी खेळाडूंच्या आवाक्यातले वाटू लागले. याच्या दुप्पट अंतराची पूर्ण स्पर्धा 1978 मध्ये हवाई बेटांवर सुरू झाली. त्या पहिल्या वेळी 15 जण उतरले होते आणि 12 जणांनी ती पूर्ण केली. आज पळस्पे फाट्यावरून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने खोपोलीकडे जाणारे आणि पुढे बोरघाट चढणारे सायकलस्वार हे पनवेलकरांच्या परिचयाचे दृश्य आहे. या तयारीत पाय आणि फुप्फुसे यांवर महिनोन्‌महिने मेहनत घेतली जाते, परंतु स्पर्धेत काय खायचे आणि किती प्यायचे हा प्रश्न बहुधा शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो. कोकणासारख्या उष्ण आणि दमट हवेत ही दिरंगाई महागात पडते, कारण तेथे स्पर्धकाचे भवितव्य पायांइतकेच त्याच्या आतड्यांवर ठरते.

शरीर कर्बोदकांचा, म्हणजे पिष्ट व साखर यांचा, साठा ‘ग्लायकोजेन’ या रूपात स्नायूंत आणि यकृतात ठेवते. हा साठा साधारण 500 ग्रॅमचा असतो आणि त्यातून सुमारे 2000 किलोकॅलरी ऊर्जा मिळते. धावताना दर किलोमीटरला शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे 1 किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे 65 किलो वजनाच्या व्यक्तीला शेवटच्या 21.1 किलोमीटरसाठीच जवळजवळ 1400 किलोकॅलरी लागतात, आणि त्याआधीचे पोहणे व सायकल चालवणे यांचा खर्च वेगळाच. चरबीचा साठा सडपातळ माणसातही कित्येक दिवस पुरेल एवढा असतो. मात्र चरबीपासून ऊर्जा संथपणे मिळत असल्याने केवळ तिच्या बळावर वेग टिकत नाही. ग्लायकोजेन संपत आले की पाय जड होतात, रक्तातील साखर उतरते आणि साधा निर्णय घेणेही कठीण होते.

हा साठा आहाराने वाढवता येतो, हे स्वीडनमधील बर्गस्ट्रॉम आणि हुल्टमन या वैद्यकांनी 1966 मध्ये स्वतःच्याच शरीरावर प्रयोग करून दाखवले. दोघांनी व्यायामाच्या एकाच सायकलवर दोन बाजूंना बसून एकेका पायाने, पार थकेपर्यंत, पेडल मारले, सुईने स्नायूचे सूक्ष्म तुकडे काढून तपासले आणि पुढचे तीन दिवस कर्बोदकांनी भरलेला आहार घेतला. व्यायाम न केलेल्या पायातील ग्लायकोजेन होते तेवढेच राहिले, परंतु दमवलेल्या पायात ते त्याच्या सुमारे दुपटीवर गेले. आजच्या शिफारशीनुसार लांब पल्ल्याच्या स्पर्धेपूर्वी दीड ते दोन दिवस, वजनाच्या दर किलोमागे रोज 8 ते 12 ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. 65 किलोच्या व्यक्तीसाठी किमान मात्राच 520 ग्रॅम होते. केवळ भातातून ती मिळवायची तर जवळजवळ पावणेदोन किलो शिजलेला भात खावा लागेल. म्हणून भाताच्या जोडीला केळी, गूळ, तांदळाची खीर, उकडलेले बटाटे, सरबत असे पदार्थ योजावे लागतात, आणि आदल्या दिवशी उसळी, पालेभाज्या व तळलेले पदार्थ बाजूला ठेवावे लागतात, कारण तंतुमय आणि तेलकट अन्न पोटात रेंगाळते. या काळात वजन किलोभर वाढल्यास घाबरण्याचे कारण नाही; दर ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे 3 ग्रॅम पाणीही साठते.

स्पर्धा सुरू झाल्यावर खरी अडचण पचनाची असते. आतड्याच्या अस्तरातून ग्लुकोज शोषून घेणारी वाहक प्रथिने तासाला सुमारे 60 ग्रॅमपर्यंतच काम करू शकतात. फळातील साखर, म्हणजे फ्रुक्टोज, मात्र वेगळ्या वाहकामार्फत शोषली जाते. त्यामुळे दोन्ही एकत्र घेतल्यास तासाला 90 ग्रॅमपर्यंत कर्बोदके वापरता येतात. घरातील साधी साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांच्या जोडणीतूनच बनलेली असते, ही गोष्ट महागड्या जेलच्या पुड्यांपुढे सहसा विसरली जाते. एक लिटर पाण्यात 60 ग्रॅम साखर, दीड ग्रॅम मीठ आणि लिंबू घालून केलेले सरबत, त्याच्या जोडीला एक केळे, एवढ्यात तासाची 85 ग्रॅम कर्बोदके भरतात. साखर याहून बरीच वाढवली तर जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो आणि मळमळ सुरू होते. मीठही केवळ चवीसाठी नसते. ग्लुकोजचा वाहक सोडियम सोबत घेऊनच ग्लुकोज आत नेतो आणि त्यांच्यामागून पाणी जाते. ही यंत्रणा रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये मांडली, आणि तिच्याच आधारावर 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाच्या पाण्याने कॉलऱ्याच्या असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. व्यायामात रक्तप्रवाह आतड्यांकडून स्नायूंकडे व त्वचेकडे वळत असल्याने हे सारे खाणेपिणे सरावाच्या दिवसांत, स्पर्धेच्याच वेगाने सायकल चालवताना, अंगवळणी पाडावे लागते. आतडेही सरावाने तयार होते. शहाळ्याचे पाणी रुचकर आणि पोटॅशियमयुक्त असले तरी त्यात सोडियम त्या मानाने कमी असते; घामातून प्रामुख्याने सोडियमच जाते.

स्नायूंनी वापरलेल्या ऊर्जेपैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णता बनतो. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे उडून गेला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. पण पनवेलच्या किंवा गोव्याच्या दमट हवेत घाम उडण्याऐवजी नुसताच निथळतो, आणि निथळलेला घाम अंग थंड करत नाही. पाणी जाते, मीठ जाते, ताप मात्र आतच राहतो. घामाचे प्रमाण व्यक्तीगणिक तासाला अर्ध्या लिटरपासून दोन लिटरपर्यंत बदलते, म्हणून थंड देशांत तयार झालेली कोष्टके येथे फारशी उपयोगी नाहीत. त्यापेक्षा घरचा वजनकाटा भरवशाचा. तासाभराच्या सरावापूर्वी वजन 65 किलो असेल, सरावानंतर अंग पुसून ते 63.9 किलो भरले आणि मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायले असेल, तर तासाभरात गेलेला घाम 1.6 लिटर ठरतो. ही मोजणी मार्चमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, सकाळी आणि भर उन्हात, पुन्हा करावी.

हा आकडा हाती आला म्हणून तेवढे पाणी पिऊन भरून काढावे, असा त्याचा अर्थ नव्हे. ती एक कमाल मर्यादा आहे. घामाहून अधिक पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम विरळ होते, मेंदूच्या पेशी फुगतात आणि जीवही जाऊ शकतो. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी आढळले, आणि स्पर्धेदरम्यान वजन वाढलेल्यांना त्याचा धोका सर्वाधिक होता. अनेक वेदनाशामक गोळ्यांनी मूत्रपिंडाचे काम बिघडू शकत असल्यामुळे स्पर्धेच्या दिवशी त्या टाळणेच योग्य. तसेच मधुमेह किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी येथील साखर-मिठाचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून वापरू नये.

मदतीसाठी उभे राहणाऱ्या स्वयंसेवकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. अंतिम रेषेजवळ असंबद्ध बोलणारा, ओकाऱ्या काढणारा, हातावरची अंगठी रुतण्याइतकी बोटे सुजलेला स्पर्धक पाण्यावाचून कोसळला आहे, असे गृहीत धरून त्याला आणखी पाणी पाजू नये किंवा घाईने सलाइन लावू नये. त्याला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे आणि आधी रक्तातील सोडियम तपासायला लावावे.