अंगणातील तण : काय काढावे, काय राखावे आणि औषधासाठी कोठून घ्यावे?

मृगाचा पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत सातारा-सांगली भागातील प्रत्येक अंगण व परसू हिरवे होते. गृहस्थ त्यास तण म्हणतो. आपण वैद्य मात्र त्यात पुनर्नवा, भूम्यामलकी, भृंगराज, अपामार्ग, मुस्ता, दूर्वा व गोक्षुर ओळखतो. अंगण स्वच्छ ठेवणे हे आरोग्याच्या दृष्टीने आवश्यकच आहे. गवत माजले की डास, विंचू, सर्प यांचे भय वाढते. परंतु ते कोणत्या उपायाने स्वच्छ करावे, हा प्रश्न आता केवळ बागकामाचा राहिलेला नसून आपल्या औषधाच्या शुद्धतेशी जोडला गेला आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्यात परसातील गवत वाढले म्हणून घरच्यांनी मजुराकडून तणनाशक फवारून घेतले. मी त्या दिवशी बाहेरगावी होतो. तिसऱ्या दिवशी शोथाच्या एका रुग्णासाठी माझ्या साहाय्यकाने त्याच परसातील पुनर्नवा मुळासकट उपटून, धुऊन काढ्यासाठी ठेवली. पाने हिरवीगार होती. शंका घेण्यास काहीच कारण नव्हते. शेजारचे बारीक गवत पिवळे पडू लागल्याचे माझ्या दृष्टीस पडले, म्हणून चौकशी केली आणि ती सर्व वनस्पती टाकून दिली. दोष साहाय्यकाचा नव्हता. फवारणीची नोंद ठेवण्याची पद्धत माझ्याकडेच नव्हती.

हिरवे दिसते म्हणून निर्दोष नव्हे

ग्लायफोसेट हे तणनाशक पानांतून शोषले जाते व वनस्पतीच्या अंतर्गत प्रवाहातून मुळापर्यंत पोहोचते. वर्षायू तण पिवळे पडण्यास साधारणतः चार ते सात दिवस लागतात, बहुवर्षायू तणास त्याहून अधिक. या मधल्या काळात वनस्पती बाहेरून निरोगी दिसते. पुनर्नवेचे मूळ आणि मुस्तेच्या गाठी ही आपली प्रयोज्यांगे. आणि नेमके तेथेच हे द्रव्य साठते. ते पाण्यात विरघळणारे आहे व काढा उकळण्याच्या उष्णतेने नष्ट होत नाही. म्हणजे वरून धुणे किंवा उकळणे हा त्यावरील उपाय नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटचा समावेश ‘मानवात बहुधा कर्करोगकारक’ या गटात केला. अन्य काही नियामक संस्थांचे मत याहून वेगळे आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. शास्त्रीय वाद काहीही असो, रुग्णाच्या काढ्यात ते असू नये याविषयी आपल्यात दुमत होण्याचे कारण नाही.

दुसरे तणनाशक टू-फोर-डी. आपल्या ऊस पट्ट्यात ते रुंद पानांच्या तणांसाठी वापरले जाते. वाऱ्यासवे त्याचे तुषार बांधावर व लगतच्या परसातही जातात. पाने व कोवळे शेंडे पिळवटलेले, वेडेवाकडे झालेले दिसल्यास ती वनस्पती औषधासाठी घेऊ नये.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायात कृमी, विष, अग्नी, जल इत्यादींनी उपहत न झालेले आणि रहदारीच्या मार्गापासून दूरचे द्रव्य घ्यावे असे सांगितले आहे. तेथील विषाचा अर्थ आज तणनाशकापर्यंत विस्तारणे क्रमप्राप्त आहे.

तण काढण्याचे निर्विष उपाय

१. वर्षायू तणे फुलोऱ्यापूर्वी काढावीत. पावसानंतर जमिनीस वाफसा आला असता खुरप्याने काढल्यास मुळे सहज निघतात. बी पडू दिले तर तेच काम पुढे अनेक वर्षे करावे लागते.

२. लव्हाळा वरवर खुरपल्याने कमी न होता वाढतो, कारण जमिनीतील गाठींची माळ तशीच राहते आणि प्रत्येक गाठीतून नवा कोंब येतो. कुदळीने खोल खणून गाठी वेचाव्यात व नवे कोंब येताच पुन्हा काढावेत. त्यास सावली सोसत नाही, हेही ध्यानात ठेवावे. हरळीच्या बाबतीतही खणून कांड्या वेचणे हाच मार्ग.

३. उघड्या मातीवर चार बोटे जाडीचे आच्छादन घालावे. आपल्याकडे उसाचे पाचट मुबलक आहे. ते जाळण्याऐवजी येथे वापरावे.

४. एप्रिल-मे महिन्यांत जमीन ओली करून तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे घट्ट अंथरल्यास मातीतील बरेचसे तणबीज उन्हाच्या उष्णतेने मरते. लव्हाळ्याच्या खोल गाठींवर मात्र याचा परिणाम कमी होतो.

५. फरशीच्या फटींतील तणावर उकळते पाणी ओतावे.

६. मीठ टाकण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो पाळू नये. सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या अनेक जमिनी आधीच क्षारपड झाल्या आहेत. अंगणाची माती आपण होऊन खारवण्यात शहाणपण नाही.

गाजरगवत : निःसंशय काढण्याजोगे

पुण्यात १९५५ च्या सुमारास प्रथम आढळलेले हे विदेशी तण आज सर्वत्र पसरले आहे. एक झाड हजारो बिया तयार करते. त्यातील पार्थेनिन या द्रव्यामुळे त्वचेस संपर्कजन्य शोथ होतो. चेहरा, मान, कोपराची घडी अशा ठिकाणी दीर्घकाळ कंडू व वैवर्ण्य असलेल्या रुग्णास घराभोवती गाजरगवत आहे काय, हे अवश्य विचारावे. निदानपरिवर्जन केल्याशिवाय तेथे केवळ औषध अपुरे पडते.

हे गवत फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून व नाकातोंडास फडके बांधून मुळासह उपटावे. फुले न आलेली झाडे कंपोस्ट खड्ड्यात चालतात. मोकळ्या जागेत टाकळा वाढू दिल्यास तो गाजरगवतास दाबून टाकतो. मेक्सिकोहून भारतात आणलेला झायगोग्रामा हा भुंगेराही पावसाळ्यात त्याची पाने खातो. तो दिसल्यास मारू नये.

काय राखावे आणि कसे ओळखावे

परसात दहा फूट लांब-रुंद जागा कुंपण घालून राखावी व तेथे कोणतीही फवारणी करू नये. ओळख मात्र चोख हवी.

पुनर्नवेस बारीक गुलाबी फुलांचे नाजूक तुरे येतात, फळे चिकट असतात आणि जाड मूळ जमिनीत टिकून दरवर्षी पुन्हा फुटते. तिच्या जागी बाजारात अनेकदा ट्रायन्थेमा येते. ही वर्षायू असून तिची फुले पानांच्या बेचक्यात एकेकटी, जवळजवळ लपलेली असतात. भृंगराजाची फुले पांढरी. बागेत शोभेसाठी लावतात ती पिवळ्या फुलांची वेडेलिया म्हणजे भृंगराज नव्हे. एकदांडी हीदेखील निराळी वनस्पती आहे. गोक्षुर म्हणजे जमिनीवर पसरणारा, काटेरी फळांचा सराटा. मोठे गोखरू हे वेगळे द्रव्य. मुस्ता म्हणून आपल्या अंगणातील लव्हाळा ग्राह्य आहे. बाजारातील नागरमोथा बहुधा त्याच कुळातील दुसऱ्या जातीचा असतो.

पूर येऊन गेलेल्या जागेतील वनस्पती औषधासाठी घेऊ नयेत. २०१९ व २०२१ च्या महापुरांत सांगलीच्या अनेक वस्त्यांत कृष्णेचे पाणी सांडपाण्यासह शिरले होते, हे आपण पाहिलेच आहे.

औषधनिर्मात्यांसाठी

कच्चा माल आणणाऱ्यास तीन प्रश्न विचारून उत्तरे खरेदीच्या नोंदवहीत लिहावीत : वनस्पती कोणत्या गावातून व कोणत्या जागेतून आणली, कधी काढली आणि तेथे फवारणी झाली होती काय. उसाचे बांध, रस्त्याच्या व लोहमार्गाच्या कडा येथील माल नाकारावा. प्रत्येक लॉटचा थोडा नमुना राखून ठेवावा.

एक बाब विशेष महत्त्वाची. अनेक कीटकनाशकांचे अवशेष एकत्र तपासण्याच्या नेहमीच्या चाचणीत ग्लायफोसेट आढळत नाही. त्यासाठी स्वतंत्र चाचणी मागावी लागते. ‘कीटकनाशक अवशेष नाहीत’ असा अहवाल हाती आला म्हणून या बाबतीत निश्चिंत राहता येत नाही. विशेषतः पुनर्नवामूळ व मुस्ता यांच्या मोठ्या खरेदीपूर्वी प्रयोगशाळेस ग्लायफोसेटचा उल्लेख करून लेखी विचारणा करावी.

समारोप

रुग्ण काढ्याचा पेला तोंडास लावतो तो आपल्यावरील विश्वासाने. त्या पेल्यातील पुनर्नवा कोणाच्या परसातून आली आणि तेथे काय फवारले होते, हे त्यास ठाऊक नसते. ते आपणास ठाऊक असले पाहिजे. यंदाच्या पावसाळ्यापासून प्रत्येक वैद्यबंधू-भगिनीने स्वतःच्या अंगणात तणनाशक वर्ज्य करावे आणि औषधसंग्रहाची नोंदवही सुरू करावी. खुरपे हाती घेण्यास थोडे श्रम पडतील, पण काढा देताना मनात शंका राहणार नाही.