विहिरीत सोडलेली टेप

विहिरीच्या कठड्यावरून टेप खाली सोडायची. टोक पाण्याला टेकले की आकडा वाचायचा, त्यातून कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करायची आणि उरलेले मीटर वहीत लिहायचे. काम एवढेच, पण विहीर तीच आणि खेपा वर्षातून चार: जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपताना. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने महाराष्ट्रभर अशा साडेतीन हजारांहून अधिक निरीक्षण विहिरी नेमल्या आहेत.

पुण्यात मुख्यालय असलेली ही यंत्रणा 1972 साली, दुष्काळाच्या झळा बसत असताना उभी राहिली. गावोगाव विंधण विहिरी आणि हातपंप झाले. पाणी सापडले, उपसा वाढला, तसे खाली किती उरले हे मोजणे निकडीचे झाले.

राज्याचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. अखंड बेसॉल्टमध्ये पाणी मुरत नाही; ते मुरमात आणि भेगांत साठते. पाण्याने भरलेल्या शंभर घनमीटर खडकातून हाती लागते जेमतेम एक ते तीन घनमीटर. भेगाही सगळीकडे सारख्या नसतात, म्हणूनच बांधापलीकडच्या विहिरीला पाणी असते आणि अलीकडची कोरडी पडते.

अशा जमिनीला रेंगाळणारा पाऊस हवा. पाऊस मात्र बदलतो आहे. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 साली दाखवून दिले, की 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. धो धो पडलेले पाणी ओढ्याला लागते. पावसाने सरासरी गाठली म्हणून विहीर भरलीच, असे आता धरून चालता येत नाही.

पावसाळ्यानंतरची नोंद मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहतात. पातळी जिथे फार खाली, तिथे उन्हाळ्यात टँकर लागणार आणि बायकांना हंडे घेऊन लांब जावे लागणार, हे तेव्हाच कळते.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावाने अशा मोजमापावर कारभार चालवला. पाऊस मोजून गावसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, आधी माणसे-गुरे, मग पिके. शेतीसाठी बोअर नाही.

बाकीच्या गावांतही पावसाळ्यानंतरच्या पातळीचा आकडा रब्बीच्या पेरणीआधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. गहू घ्यायचा की हरभऱ्यावर भागवायचे, हे शेतकरी तेव्हा ठरवतो. मार्चमध्ये कळलेल्या पातळीने त्याचे पीक वाचत नाही.