जुन्या बंदुकीचें छायाचित्र

वाडवडिलांची एखादी तोड्याची बंदूक ज्या घरांत भिंतीवर टांगलेली असते, त्या घरच्या माणसाला केव्हां तरी तिचें छायाचित्र घ्यावेंसें वाटतें. आणि घेतल्यावर बहुधा त्याची निराशा होते. माझीहि झाली. नळीवर एक पांढरी रेघ, दस्त्याच्या जागीं काळा डाग आणि मागें भिंतीवर छाया, एवढेंच त्या चित्रांत होतें. दोष यंत्राचा नव्हता, प्रकाशाचा होता. तो सुधारावयास पैसा फारसा लागत नाहीं.

परंतु प्रकाशापूर्वीं दुसरी एक गोष्ट. तोंडानें भरावयाच्या बंदुका कित्येकदां भरलेल्या स्थितींतच राहून गेलेल्या असतात. म्हणून विस्तव दूर ठेवून व तोंडासमोर कोणासहि उभें न करतां, एक लांकडी काठी नळींत हलकेच सोडावी आणि नळीच्या तोंडाशीं तिच्यावर खूण करावी. मग तीच काठी बाहेरून नळीला लावून पाहावी. तिचें टोंक रंजकाच्या छिद्रापर्यंत पोंचत नसेल, तर आंत कांहीं तरी आहे असें समजावें. आमच्या घरीं तें चार बोटें अलीकडेच थांबलें! जिला खांद्यावर घेऊन आम्ही भावंडें लहानपणीं शिपाई होत असूं, तिच्यांत बार होता. पोलीस ठाण्यांत कळविलें, आणि परवानाधारक कारागिरानें गोळी व दारू बाहेर काढली. बंदूक केवळ जुनी म्हणून परवान्यांतून सुटत नाहीं, हेंहि तेव्हांच कळलें. १९५९ च्या शस्त्र कायद्यांतील सूट, दुरुस्त करूनहि न उडणाऱ्या जुन्या हत्यारांपुरतीच आहे.

आतां चित्राकडे वळूं. घांसलेलें पोलाद हा एक आरसाच होय. त्याच्यासमोर जें असेल तेंच त्यांत दिसतें. मोबाईलचा झगझगीत दिवा हा एक ठिपका, म्हणून नळीवरहि त्याची बारीक रेघच उमटते. उलट समोर रुंद, पांढरा, सौम्य प्रकाश असेल तर नळीची गोलाई आपोआप उठून दिसते. याकरितां दिवा बंद करावा, ऊन थेट न येणारी खिडकी निवडावी आणि तीवर धुतलेलें पांढरें धोतर ताणून बांधावें. बंदूक खिडकीलगतच्या मेजावर आडवी ठेवावी. पलीकडच्या अंगास पांढरा पुठ्ठा उभा केला कीं दस्त्याचें काळें लांकूडहि बोलूं लागतें. घरांतील विजेचे दिवे मालवावे, नाहीं तर एकीकडे निळसर व दुसरीकडे पिंवळट छटा येते. खालीं पांढरी चादर नको. तिच्या उजेडानें फसून यंत्र सगळेंच चित्र काळवंडून टाकतें. करड्या रंगाची घोंगडी उत्तम.

चार-पांच फूट लांबीची वस्तु जवळून टिपली तर मधला भाग फुगतो व टोंकें निमुळतीं होतात. म्हणून सहा-सात फूट मागें सरावें, यंत्र पुस्तकांच्या चळतीवर टेकवावें व बटण दाबल्यानंतर कांहीं सेकंदांनीं चित्र घेण्याची त्यांतील सोय वापरावी. हाताचा कंप टळतो.

नळीवर कोरलेलीं अक्षरें मात्र समोरच्या प्रकाशांत बुजतात. त्यांच्यासाठीं खोली अंधारी करून विजेरी नळीला जवळजवळ समांतर धरावी. माझ्या बंदुकीवर चाळीस वर्षें जो ओरखडा समजत होतों, तो या तिरप्या उजेडांत देवनागरी ‘श्री’ निघाला.

आणि कृपा करून चित्रासाठीं चिंच किंवा विटकर लावून तिला लखलखीत करूं नका. जुन्या पोलादावरचा तो काळसर रंगच तिचें वय सांगतो. एकदां गेला कीं परत येत नाहीं. कोरड्या मऊ फडक्यानें धूळ टिपली कीं पुरे, आणि हातांत सुती मोजे असावेत, कारण घामानें गंज चढतो. दोन्ही बाजू, चाप, खुणा, तसेंच तडे व डागहि टिपावे, शेजारीं शाळेंतली फूटपट्टी ठेवून. वस्तु चोरीस गेली, तर ती ओळखावयास पोलिसांना सुंदर चित्रापेक्षां दस्त्यावरचा तो तडाच उपयोगी पडतो.