डोंगरवाट आणि पिछाडीचा माणूस

नाताळच्या सुटीत चार दिवस कोठेतरी जाऊन येण्याची प्रथा आम्हां गोमंतकीय शिक्षकांत जुनी आहे. कोणी देवदर्शनास जातात, कोणी नातलगांकडे. यंदा आमच्या डिचोली-पेडण्याकडील स्नेह्यांनी मात्र निराळाच बेत मांडला : पन्हाळगडापासून विशाळगडापर्यंत पायी जावयाचे. मंडळी अकरा. त्यांपैकी तिघांस डोंगराची सवय आहे. उरलेल्या आठांनी शाळेच्या जिन्याखेरीज दुसरी चढण नित्यनेमाने चढल्याचे ऐकिवात नाही. उत्साह मात्र त्या आठांचाच अधिक. अशा मंडळींना घेऊन निघताना आधी काय ठरवावे, याचा आम्ही गेले काही आठवडे विचार करीत आहो. असा बेत उद्या आपल्याही घरी निघेल, म्हणून तो विचार वाचकांपुढे ठेवतो.

या वाटेचा इतिहास मराठी घरात नव्याने सांगावयास नको. सिद्दी जौहराच्या वेढ्यात सुमारे चार महिने अडकलेले शिवाजीमहाराज १२-१३ जुलै १६६० च्या रात्री भर पावसात पन्हाळ्यावरून निसटले. दुसऱ्या पालखीत बसून शिवा काशीदाने शत्रूला चकविले आणि घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांनी पाठलाग रोखून धरला. पुढे तीच खिंड पावनखिंड म्हणून प्रसिद्ध झाली. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. त्या बारांत पन्हाळा आहे.

हा प्रसंग आपण शौर्याची कथा म्हणून वाचतो. प्रवासाची योजना म्हणून तो वाचला, तर दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, निघण्याची वेळ, वाट, सोबतीची माणसे आणि फसवी पालखी हे सारे गडावरच निश्चित झालेले होते. अंधारात आणि चिखलात उभे राहून खल करीत बसण्याजोगे काही शिल्लक ठेवलेले नव्हते. दुसरी गोष्ट, त्या रात्रीचा सर्वांत खंबीर पुरुष शेवटी सर्वांच्या मागे राहिला होता. आमच्या सहलींत बहुधा याच्या उलट घडते. ज्याचा दम मोठा तो पुढे निघून जातो आणि टेकडीवर बसून मागच्यांची वाट पाहतो. मागचा धापा टाकीत तेथवर पोचला की पुढचा विसावा घेऊन उठलेला असतो. म्हणजे ज्याला विश्रांतीची खरी गरज, त्यालाच ती मिळत नाही. म्हणून आमचा पहिला नियम असा : वाट जाणणारा एक जण आघाडीस, सर्वांत सावकाश चालणारा त्याच्या लगेच मागे आणि ज्याची छाती सर्वांत दणकट तो अगदी शेवटी. पिछाडीच्या माणसाच्या मागे कोणीही राहावयाचे नाही.

काळाची निवड ही दुसरी बाब. दरवर्षी जुलैच्या सुमारास अनेक संस्था या मार्गावर पदभ्रमणाच्या मोहिमा काढतात. त्यांच्यापाशी माहितगार स्वयंसेवक असतात, पुढील मुक्कामाची सोय झालेली असते. अकरा जणांच्या घरगुती चमूने त्यांचे अनुकरण करू नये. पावसाळ्यात मसाईच्या पठारावर धुके उतरले की दहा पावलांवरचा सोबती दिसत नाही. ओढे तासाभरात फुगतात, जळवा लागतात आणि चिखलात चाल निम्म्यावर येते. डिसेंबरात या अडचणी नाहीत. परंतु पठारावर दुपारी सावली मिळत नाही आणि पाणी जवळ बाळगावे लागते. प्रत्येकी तीन लिटर पाणी हा हिशेब आम्ही धरला आहे. रात्री थंडी पडते. गोव्याच्या दमट हवेत वाढलेल्या माणसाला तिची कल्पना नसते.

आता अंतर. पन्हाळ्यापासून पावनखिंडीपर्यंतची वाट पन्नास किलोमीटरांच्या घरात आहे. सराईत मंडळी ती दोन दिवसांत उरकतात. आम्ही तीन दिवस धरले, म्हणजे रोजची चाल सतरा किलोमीटर. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा आडाखा सांगितला होता, तो आजही उपयोगी पडतो : सपाटीवर पाच किलोमीटरांस एक तास आणि दर सहाशे मीटर चढास आणखी एक तास. दिवसभरात एकंदर सहाशे मीटर चढ आहे असे धरले, तर सतरा किलोमीटरांस सुमारे साडेचार तास होतात. परंतु हा हिशेब कसलेल्या माणसाचा. नवख्यांसाठी त्याची दीडपट धरावी, म्हणजे पावणेसात तास. जेवण आणि विसाव्याचे दोन तास मिळवले की पावणेनऊ. सकाळी सातला निघालो तर पावणेचार वाजता मुक्काम. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो; तेव्हा दोन तास हाती शिल्लक राहतात. ही शिल्लक कोणाचा पाय मुरगळला किंवा वाट चुकली तर वापरावयाची आहे. छायाचित्रे काढण्यात ती खर्च करू नये.

खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, पांढरपाणी अशी गावे व वाड्या या वाटेवर लागतात. दोघांनी आधी जाऊन ग्रामस्थांना भेटावे, मुक्कामाची व पाण्याची चौकशी करावी आणि मोटार पोचेल अशाच ठिकाणी रात्रीचा मुक्काम ठरवावा. विशाळगडावर २०२४ च्या जुलैतील अशांततेनंतर प्रशासनाने निर्बंध घातले होते. तेव्हा गडावर जाण्याविषयीचा त्या वेळचा नियम निघण्यापूर्वी विचारून घ्यावा.

सरावासाठी गोव्याबाहेर जावे लागत नाही. आम्ही तीन रविवार नेमले. पहिल्या रविवारी डिचोलीहून नार्व्यापर्यंत, रिकाम्या हाताने. १६६८ मध्ये शिवाजीमहाराजांनी ज्याचा जीर्णोद्धार करविला ते सप्तकोटेश्वराचे मंदिर तेथेच आहे; विशाळगडास निघणाऱ्यांना याहून योग्य ठिकाण कोणते? दुसऱ्या रविवारी पेडण्यातील हळर्णच्या किल्ल्याकडे, पाठीवर पूर्ण ओझे घेऊन. तिसऱ्या खेपेस शनिवार आणि रविवार लागोपाठ चालावयाचे. या तिसऱ्या खेपेचे महत्त्व विशेष. एक दिवस कोणीही चालतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटऱ्या दुखत असताना पुन्हा जोडे चढविता येतात की नाही, ही खरी परीक्षा. जोडेही याच काळात वापरून मऊ करावेत. नवे कोरे जोडे घालून निघालेला मनुष्य पहिल्याच संध्याकाळी फोड मोजीत बसतो. म्हादई अभयारण्यात सराव करावयाचा असल्यास वनखात्याची परवानगी घेतल्यावाचून पाऊल टाकू नये.

सर्वांत नाजूक प्रश्न प्रकृतीचा. आमच्या मंडळींत पन्नाशी ओलांडलेले चौघे आहेत. प्रत्येकाने डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, असे ठरले. त्यानंतर एका स्नेह्यांनी आम्हांस बाजूला घेऊन हळूच सांगितले, "सर, गेल्या वर्षी छातीत दुखून दोन दिवस दवाखान्यात होतो. पण हे मंडळींत बोलू नका. मला मागे ठेवतील." वीस वर्षांच्या स्नेहात असे गुपित राखणे हे सौजन्य समजले जाते. डोंगरात मात्र त्याची किंमत भलत्याच माणसाला मोजावी लागते. मोटाररस्त्यापासून तीन तासांवर छातीत कळ आली तर त्यांना उचलून आणणार कोण, आणि त्यांच्या घरच्यांना आम्ही काय सांगणार? आम्ही त्यांना स्पष्ट म्हटले, "तुम्ही स्वतः सर्वांना सांगा. नाहीतर आम्ही हा बेतच सोडतो." ते दोन दिवस रुष्ट होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच विषय काढला. आता ते मोटारीने सामान घेऊन रोज पुढच्या मुक्कामी पोचणार आहेत. स्वयंपाकाची व्यवस्था, गोव्यातील घरांशी संपर्क आणि गरज पडल्यास दवाखाना गाठण्याची जबाबदारी त्यांची. चालणाऱ्या दहांना त्यांचा जो आधार वाटतो, तो त्यांना अकरावा चालणारा करून वाटला नसता.

परत फिरण्याचे नियमही घरीच ठरवावेत आणि ते कागदावर लिहावेत. आमचे तीन आहेत. दुपारी एक वाजेपर्यंत निम्मी वाट संपली नाही, तर जवळच्या गावी थांबावयाचे. एक जण थांबला, तर त्याच्याजवळ दोघांनी राहावयाचे. आणि "पुरे" हा शब्द कोणीही उच्चारला, तर त्यावर मतदान नाही. असे नियम भित्रेपणाचे वाटतात खरे. परंतु ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूतील कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून अधिक जण दगावले. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील सहस्त्रताल परिसरात कर्नाटकातून गेलेल्या बावीस जणांच्या चमूला हिमवादळाने गाठले आणि नऊ जण परत आले नाहीत. आपला सह्याद्री हिमालयाएवढा उंच नाही. पण ऊन, धुके, आग्या मोहोळ आणि निसरडा कडा यांना उंचीची गरज लागत नाही.

सामानाविषयी थोडक्यात. दिवसभराचे ओझे पाच-सहा किलोंच्या वर नेऊ नये. गूळ-शेंगदाणे, चपात्या, सुकी चटणी, केळी पुरेशी आहेत. उंडे दुसऱ्या दिवशी वातड होतात आणि मासळीचा विरह तीन दिवस सोसता येतो. शिटी, विजेरी, मिठा-साखरेची पुडी आणि प्रत्येकाची नेहमीची औषधे खिशातच असावीत. भ्रमणध्वनी दरीत चालेलच असे नाही. म्हणून वाटेचा व मुक्कामांचा कागद घरी ठेवून जावे आणि रोज संध्याकाळी निरोप न आल्यास कोणी कोणास विचारावे, हेही त्यावर लिहावे. एकशे बारा व एकशे आठ हे क्रमांक सर्वांना पाठ असावेत.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या घरांतून या वाटेची ओढ अधिकच असते. मुलांना पाठ्यपुस्तकातील खिंड डोळ्यांनी दाखवावी, तिच्या काठाशी क्षणभर मुकाट्याने उभे राहावे, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. मात्र महाराज ज्या वेगाने त्या रात्री गेले, तो वेग पाठीवरच्या शत्रूने लादलेला होता. आपल्या मागे कोणी लागलेले नाही. तेव्हा सावकाश चालावे, वारंवार मागे वळून पाहावे आणि पिछाडीचा माणूस दृष्टीस पडल्यावरच पुढचे वळण घ्यावे.