लाखाचा पल्ला ओलांडलेली ‘पल्सर’ सांभाळताना

चामोर्शी, प्रतिनिधी

नोव्हेंबर २००१ मध्ये बजाज ऑटोने चाकणच्या कारखान्यातून ‘पल्सर’ रस्त्यावर आणली, तेव्हा ती तरुणांच्या वेगाच्या हौसेची गाडी होती. १५० आणि १८० सीसी क्षमतेची इंजिने, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक, भरदार टाकी. शंभर सीसीच्या किफायतशीर मोटारसायकलींना सरावलेल्या मध्यमवर्गाला स्पोर्ट्स बाइकचे आकर्षण लागले ते बऱ्याच अंशी या गाडीमुळे. आज त्या पहिल्या गाड्यांनी विशी ओलांडली आहे. महानगरांत त्यांची जागा नव्या गाड्यांनी घेतली असली, तरी चामोर्शीसारख्या तालुक्याच्या गावी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती आलेली जुनी ‘पल्सर’ अजूनही रोजच्या कामाला जुंपलेली असते.

त्याचे कारण भूगोलात आहे. गडचिरोली जिल्ह्याला रेल्वेची सोय आहे ती उत्तर टोकाच्या देसाईगंजला. जिल्हा मुख्यालय चामोर्शीपासून सुमारे तीस किलोमीटरवर. नोकरी, महाविद्यालय किंवा रुग्णालयासाठी रोज जाऊन-येऊन साठ किलोमीटर आणि वर्षाचे २५० दिवस धरले, तरी वर्षाला पंधरा हजार किलोमीटर होतात. म्हणजे सात वर्षांच्या आत लाखाचा पल्ला पूर्ण! अशी गाडी ऐन पावसाळ्यात बंद पडणे म्हणजे केवळ गैरसोय नव्हे. कित्येकदा त्या घराचा दवाखान्याशी असलेला संबंधच तुटतो.

धुळीचा आणि उन्हाचा मारा

गाडी किलोमीटरने म्हातारी होते, हा समज अर्धाच खरा आहे. ते किलोमीटर कोणत्या हवेत कापले, यावर बरेच काही अवलंबून असते. सुरजागडच्या खाणीतून २०२१ नंतर लोहखनिजाची वाहतूक वाढली आणि आष्टी-चामोर्शी मार्गावर जड ट्रकांची वर्दळ व धूळ नित्याची झाली. एअर फिल्टर फाटका किंवा सैल असेल, तर हीच धूळ सिलिंडरमध्ये शिरते आणि पॉलिश पेपरासारखी पिस्टन व रिंग घासून काढते. काही रुपयांच्या फिल्टरची हेळसांड हजारोंच्या खर्चाला निमंत्रण देते ती अशी.

दुसरा शत्रू ऊन. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांवर जाणे विदर्भाला नवे नाही. ‘पल्सर’च्या जुन्या इंजिनांना थंडावा मिळतो तो वाऱ्यानेच. त्यातही इंजिन, गिअर आणि क्लच या तिन्हींना एकच ऑइल पुरते. जुने इंजिन थोडे ऑइल जाळते, म्हणून दोन सर्व्हिसिंगच्या मध्येही पातळी पाहणे आवश्यक ठरते. मोटारीचे ऑइल स्वस्तात मिळाले म्हणून वापरू नये. त्यातील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे क्लच प्लेट घसरू लागतात; इंजिनाचा आवाज वाढतो, गाडी मात्र पुढे सरकत नाही. मोटारसायकलसाठीच्या ऑइलच्या डब्यावर ‘जासो एमए’ हे मानक छापलेले असते.

धूर काय सांगतो?

सायलेन्सरमधून निळा धूर येणे म्हणजे ऑइल जळणे. तो फक्त सकाळी गाडी सुरू करताना दिसला, तर व्हॉल्व्हच्या रबरी सील बदलून बहुधा भागते. ॲक्सिलरेटर पिळताच धुराचा लोट येत असेल, तर रिंग झिजल्याची शक्यता अधिक. काळा धूर कार्बोरेटरमधून पेट्रोल जास्त जात असल्याची खूण असते. हे न तपासता थेट इंजिन उघडणे म्हणजे ताप मोजण्याआधीच शस्त्रक्रिया करण्यासारखे आहे. सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे आणि ते खरोखरच खाली गेले असेल, तरच ‘बोअर’ करावा. म्हणजे सिलिंडरचा व्यास किंचित वाढवून मोठ्या मापाचा पिस्टन बसवावा.

२००३ नंतरच्या ‘डीटीएस-आय’ गाड्यांत आणखी एक छुपा दोष असतो. यात एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आहेत. त्यातला एक निकामी झाला तरी गाडी चालतच राहते. फक्त ओढ कमी होते आणि पेट्रोल जास्त लागते. त्यामुळे दोष लक्षातच येत नाही आणि दूषण कार्बोरेटरला दिले जाते. दोन्ही प्लग तपासण्याचा आग्रह मालकानेच धरायला हवा.

इंजिन तरुण, ब्रेक म्हातारे

खरा धोका मात्र याच्या पुढे आहे. इंजिनाचा बोअर झाला की वीस वर्षांची गाडी पुन्हा पूर्वीच्या वेगाने धावू लागते. तिला थांबवणारे आणि सरळ रेषेत ठेवणारे भाग मात्र वीस वर्षांचेच राहतात. डिस्क ब्रेकचे ऑइल हवेतील ओलावा शोषते. ते दर दोन वर्षांनी बदलले नाही, तर सतत ब्रेक लावताना तापून त्याची वाफ होते आणि ऐन वेळी लिव्हर मऊ पडतो. मागच्या ड्रममधील शूज धुळीने गुळगुळीत होतात. टायरची नक्षी शाबूत असली, तरी रबर वयाने कडक होते. टायरच्या बाजूवर असलेल्या चार आकड्यांपैकी पहिले दोन निर्मितीचा आठवडा व शेवटचे दोन वर्ष दर्शवतात. हँडल मध्यभागी अडखळत असेल, तर कोनसेट झिजला आहे. मागचे चाक हाताने आडवे हलत असेल, तर स्विंग आर्मचे बुश गेले आहेत.

चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावेत. जुन्या दात्यांवर नवी चेन लवकर खराब होते. धानाच्या बांधावरून आलेल्या गाडीची चेन पावसाळ्यात वरचेवर धुऊन तिला ऑइल द्यावे. सध्याच्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा विचार करून जुन्या गाडीचे रबरी पेट्रोल पाइप व कार्बोरेटरचे गॅस्केट तपासून घ्यावेत आणि टाकीत पेट्रोल ठेवून गाडी आठवडेच्या आठवडे उभी करू नये.

ठेवावी की काढावी?

कायद्याने खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ३०० रुपयांवरून १,००० रुपये झाले आणि वीस वर्षांवरील दुचाकींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते २,००० रुपये करण्यात आले. राज्याचा पर्यावरण कर वेगळा.

हा हिशेब मांडताना खर्चाचा क्रम चुकू नये. जुनी गाडी विकत घेताना मीटरवर फार विसंबू नये. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये मीटरची केबल तुटली की आकडा तिथेच थांबतो आणि ती कित्येक महिने कोणी बदलत नाही. हाती हजार रुपये असतील, तर ते आधी ब्रेक व टायरवर, मग चेन व कोनसेटवर आणि त्यानंतरच इंजिनावर खर्च व्हावेत. चेसिसला तडा गेला असेल किंवा ती वाकली असेल, तर मात्र कितीही जिव्हाळा असला तरी गाडीचा निरोप घेणेच श्रेयस्कर. खनिजाचा ट्रक समोरून येत असताना चालकाला वाचवतो तो वेळेवर लागलेला ब्रेक, नवा पिस्टन नव्हे.