गृहमंत्री नागपूरचे, ठाणेदार कोणाचा?

नागपुरात ट्रॅफिक हवालदाराने गाडी अडवली की एक वाक्य हमखास कानावर येते, ‘गृहमंत्री आपल्या गावचे आहेत, एका फोनात बदली करीन.’ या एका वाक्यात किती गैरसमज कोंबले आहेत!

गृहमंत्र्याला आपण निवडतच नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २०१२ पासून पोलिसांवर देखरेख करणारा आयुक्त थेट मतदानाने निवडला जातो. आपला पोलीस आयुक्त मात्र आयपीएस अधिकारी असतो. नागपूरकर मत देतात ते आमदाराला. गृहखाते कोणाला द्यायचे हे मुख्यमंत्री ठरवतात. पोलीस खात्यात नोकरी केलेली असण्याचीही अट नाही. देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये नगरसेवक झाले, १९९७ मध्ये महापौर, १९९९ मध्ये आमदार. २०१४ मध्ये ते मुख्यमंत्री झाले आणि गृहखाते त्यांनी स्वतःकडेच ठेवले. त्याआधी एकाही खात्याचे मंत्रिपद त्यांच्याकडे नव्हते. बरे, खुर्ची मिळाली म्हणजे टिकतेच असेही नाही. काटोलचे अनिल देशमुख यांनी ५ एप्रिल २०२१ रोजी गृहमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच दिवशी उच्च न्यायालयाने त्यांच्यावरील आरोपांच्या प्राथमिक चौकशीचे आदेश सीबीआयला दिले होते.

आता बदलीचे. पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये निकाल दिला आणि पुढे महाराष्ट्र पोलीस कायदाही बदलला. कायद्याने आयपीएस अधिकाऱ्यांच्या बदलीचा अधिकार मुख्यमंत्र्यांकडे आहे, उपअधीक्षक व त्यावरील राज्य सेवेतल्या अधिकाऱ्यांचा गृहमंत्र्यांकडे. निरीक्षकापर्यंतचे, म्हणजे आपला ठाणेदार आणि तो हवालदारही, पोलीस आस्थापना मंडळाच्या हाती. हवालदाराचा एका जागचा सर्वसाधारण कार्यकाळ पाच वर्षांचा. पण कायद्यातच एक फट आहे: गंभीर तक्रार किंवा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल, तर मंडळाच्या शिफारशीशिवायही वरून बदली होऊ शकते. त्यामुळे चौकातली ती धमकी अगदीच पोकळ म्हणता येत नाही, आणि मला तरी खरी काळजी या फटीचीच वाटते.

‘मंत्री सांगतील तरच गुन्हा नोंदवतील’ हा समज सर्वांत महागात पडतो. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्येच सांगितले आहे. ठाण्यात नकार मिळाला, तर मुंबईचा फोन नंबर शोधत बसू नका. तक्रार लेखी करून टपालाने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे पाठवा, पोच जपून ठेवा. तिथेही दाद लागली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.